तिसरी जागा

गिरणाऱ्याला थेट्यांच्या बागेत, प्रतवारीच्या शेडमागे
ती पालथी पडली होती, क्रेटच्या चवडीला टेकून.
फायबरची, चौदा फुटी, एकेकाळची पिवळी.
पोटावर एक कोंबडी बसलेली,
आम्ही आलो तरी हलली नाही.

"बॅकवॉटरला मोटारी बघायला घेतली होती,"
दौलतराव थेटे म्हणाले,
"आता पोरं फोनवरून मोटार चालू करतात.
नाव हवी कुणाला?"

याआधी दोन पाहून झाल्या होत्या.
सिन्नरची निळी, वरातीच्या घोड्यासारखी नटलेली,
तिला स्पीकर होते, काठ छातीएवढा.
पाठीवर सिलिंडर, अंगात थंडी
अशा वेळी कुणी चढावं कसं, ते मालकाला सांगता येईना.
मुकण्याकडची रबरी होती. तिची ठिगळं मोजली
आणि चहा पिऊन परत आलो.

फर्झाना खिशातून नाणं काढते,
मागच्या फळीवर वाजवत जाते, वीत वीत सरकत,
बाजारात नारळ पारखतात तशी.
टक्. टक्. टक्. उजव्या बोल्टाखाली
थप्.
"इथं पाणी प्यालीय."
अंबडला आठ तास ती पंपांच्या कास्टिंगमधल्या भेगा शोधते,
तिच्या कानाला कुणी फसवत नाही.

मला ती थप् ऐकू आली नाही.
माझा डावा कान तारकर्लीला, अकरा मीटरवर राहिला.
शरणपूर रोडचे डॉक्टर म्हणाले,
पोहा खुशाल, फक्त डोकं बुडवू नका.
म्हणजे देवळात जा, वाकू नका.
आमच्यात नाव निवृत्तीचं,
आणि निवृत्त झालो मी.

निवृत्तीने इंजिन ड्रममध्ये उतरवलं.
पंचवीस हॉर्सपॉवर, दोरी ओढायची.
तिसऱ्या झटक्याला खोकलं, पाचव्याला लागलं,
निळा धूर वेलींवर गेला, थेटे कपाळाला आठ्या घालून.
आता मागून बारीक धार यायला हवी,
लहान पोर उभ्याने मुततं तशी,
तीच इंजिनाची नाडी.
येईना.
त्याने तार घातली, फिरवली,
आत कुंभारणीने मातीचं घर बांधलं होतं.
ते निघालं आणि धार आली,
थेट माझ्या बुटावर.

मग नाव सुलटी केली, गवतावरच.
दोन सिलिंडर, शिशाचे पट्टे, डब्याची पिशवी.
दोघं काठावर बसले पाठमोरे
आणि एकदम मागे पडले, कोरड्या गवतात, हसत.
थेट्यांच्या सूनबाई खिडकीत आल्या, गेल्या,
सासूला घेऊन परत आल्या.
मग चढून पाहिलं. काठ मांडीएवढा.
"बस्स," फर्झाना म्हणाली, "पोटावर सरकून आत येता येतं."

मी मागे बसलो, इंजिनापाशी, दांड्यावर हात ठेवून.
खाली कुणी असलं की इंजिन बंद.
सावलीला काही नाही, छत्री बांधावी लागेल.
वर बसणाऱ्याला बुडबुडे दिसतात.
दोन माळा हव्यात, एक दिसली की मोजायला लागायचं.
गंगापूरच्या पाण्यात जानेवारीतसुद्धा
लांब केलेल्या हाताची बोटं हिरवी होऊन जातात,
तळाशी गाळ, बाभळीची खोडं, कुणाची तरी तुटकी पाइपलाइन.
त्याच्यासाठी एवढा खटाटोप,
असं माझी बायको म्हणते, आणि खरंय ते.
मीही गेलोच असतो.

थेटे पन्नासवर अडले होते.
फर्झानाने पुन्हा तिथंच नाणं वाजवलं, काही न बोलता.
थप्.
एक्केचाळीस, आणि वर एक क्रेट द्राक्षं.
फळी आपली आपण बदलायची.

ते पैसे मोजत होते तेव्हा
मी आडवी फळी उचलून उलट बाजूला लावून पाहिली,
मग अर्धवट तिरकी,
उजवा कान पाण्याकडे येईल अशी.
जराशी डगमगते. पाचर मारावी लागेल.